गेलेला क्रमांक

शाळेच्या जनरल रजिस्टरासंबंधीं एक नियम नोकरीच्या पहिल्याच महिन्यांत आम्हांस सांगण्यांत आला होता. तो असा, कीं एकदां दिलेला क्रमांक पुन्हां दुसऱ्या मुलास द्यावयाचा नाहीं. मूल शाळा सोडून जावो, कीं नांव चुकून पडलेलें असो; त्या ओळीवर तांबड्या शाईची रेघ ओढावी, खालीं सही करावी आणि पुढच्या मुलास पुढचा क्रमांक द्यावा. पस्तीस वर्षांच्या नोकरींत आमच्या हातून हा नियम मोडला नाहीं. तो मोडला एका यंत्रानें, आणि त्याचा दंड मात्र एका गरीब माणसास भरावा लागला. ती हकीकत आज वाचकांपुढें ठेवीत आहों.

२०१३ सालच्या जून महिन्यांतील गोष्ट. त्या वेळीं शाळेंतील नोंदी संगणकावर होऊं लागल्या होत्या. एका संध्याकाळीं एका मुलाचें नांव दाखल झालें, फीची पावती फाटली, आणि तासाभरांतच वडिलांच्या बदलीची वार्ता आल्यामुळें तें नांव काढावें लागलें. कारकुनानें नोंद पुसली, यंत्र बंद केलें व तो घरीं गेला. दुसऱ्या दिवशीं सकाळीं एका मुलीचें नांव घातलें, तों यंत्रानें तिला आदल्या दिवशींच्या मुलाचाच क्रमांक दिला. हें त्या वेळीं कोणाच्याच लक्षांत आलें नाहीं. पावत्या व दाखले यांच्या याद्या निराळ्या असत, आणि त्यांत त्या क्रमांकापुढें ‘शाळा सोडली’ हा शब्द तसाच राहिला होता.

डिसेंबरांत शिष्यवृत्तीची यादी निघाली. तींत त्या मुलीचें नांव नव्हतें. यंत्राच्या हिशेबीं ती शाळेंतच नव्हती! तिचे वडील तीन वेळां खेटे घालून गेले, आणि घोटाळा उकलेपर्यंत अर्जाची मुदत टळली. कारकून पुनःपुन्हां सांगत होता, “गुरुजी, क्रमांक मीं हातानें घातलेला नाहीं, तो आपोआप पडतो.” आम्हांस तें खरें वाटलें नाहीं. मुख्याध्यापकाचें काम त्या वेळीं आमच्याकडे होतें, आणि त्याच्या सेवापुस्तकांत निष्काळजीपणाचा शेरा आमच्याच सहीनें पडला.

संक्रांतीस आमचा धाकटा पुतण्या पुण्याहून आला. त्याचा व्यवसाय याच विद्येचा. जेवणें झाल्यावर माजघरांत हा विषय निघाला, तेव्हां त्यानें एकच प्रश्न केला.

“काका, त्या रात्रीं यंत्र बंद केलें होतें का?”

“रोजच करतात,” आम्ही म्हणालों.

“मग त्या गृहस्थांचा यांत कांहींएक दोष नाहीं.”

हें ऐकून आमच्या पोटांत कसेंसेंच झालें. परंतु शिक्षकाची खोड जात नाहीं. समजल्याशिवाय मान्य करावयाचें नाहीं, असें म्हणून आम्हीं त्याला सविस्तर सांगावयास बसविलें.

डेटाबेस म्हणून जी वस्तु आहे तिचे दोन भाग असतात. आपल्या एकत्र कुटुंबांत पंगतीस काय वाढावयाचें हें ठरविणारी एक आणि कोठीची किल्ली जिच्या कमरेला ती दुसरी, तसेंच हें आहे. पहिला भाग विचारलेला प्रश्न समजून घेतो; दुसरा माहिती डिस्कवर ठेवतो आणि काढून देतो. या दुसऱ्या भागास स्टोरेज इंजिन म्हणतात. शाळेंतील यंत्रावर मायएसक्यूएल हा डेटाबेस होता. तो १९९५ सालीं प्रथम बाहेर आला, व त्याचे कर्ते मायकेल विडेनियस यांनीं आपल्या ‘माय’ नांवाच्या कन्येवरून त्याचें नांव ठेविलें. कोठीची किल्ली होती इनोडीबी या इंजिनाकडे. हें इंजिन फिनलंडांतील हेइक्की तूरी यांनीं रचिलें. मोठें विश्वासू इंजिन. मध्येंच वीज गेली तरी पुरी झालेली नोंद तें हरवूं देत नाहीं. पण पुढचा क्रमांक कोणता, एवढी एकच गोष्ट तें डिस्कवर न लिहितां केवळ स्मरणांत ठेवीत असे. यंत्र बंद झालें कीं स्मरण गेलें. पुन्हां सुरू झालें म्हणजे तें स्वतःशीं एक प्रश्न करी: यादींत आज सर्वांत मोठा क्रमांक कोणता? जें उत्तर येईल त्यांत एक मिळवी आणि कामास लागे.

प्रश्नच चुकला, हें वाचकांच्या ध्यानांत आलें असेल. आज असलेला मोठ्यांत मोठा क्रमांक आणि आजवर दिलेला मोठ्यांत मोठा क्रमांक, या दोन भिन्न गोष्टी आहेत. शेवटची नोंद पुसलेली नसेल तोंवर दोहोंचें उत्तर एकच येतें, आणि म्हणूनच दोष दिसत नाहीं. पुतण्यानें आमच्यासमोर तीन नोंदी घातल्या, तिसरी पुसली व चौथी घातली. तिला चार हाच क्रमांक मिळाला. आम्ही म्हणालों, “हें तर बरोबर आहे.” त्यानें ती चौथीही पुसली, डेटाबेस बंद करून पुन्हां सुरू केला आणि नवी नोंद घातली. तिला मिळाला तीन!

हा दोष कोणास ठाऊक नव्हता असें मात्र नाहीं. मार्च २००३ मध्येंच पीटर झाइत्सेव्ह यांनीं तो मायएसक्यूएलच्या दोषांच्या जाहीर नोंदवहींत लिहविला होता, त्याचा अनुक्रमांक १९९. सूचनापुस्तिकेंतही इंजिन असें वागतें म्हणून स्पष्ट लिहिलेलें होतें. लिहून ठेविलेला दोष हा दोष राहत नाहीं, अशी एक समजूत कचेऱ्यांतून आढळते. ती या क्षेत्रांतही असावी. हा दोष दूर झालेली ८.० ही आवृत्ति सर्वांच्या हातीं पडली ती एप्रिल २०१८ मध्यें. म्हणजे पंधरा वर्षें! तींत क्रमांक बदलला कीं आधीं तो इंजिनाच्या रोजनिशींत लिहिला जातो, आणि ठराविक टप्प्यांवर इंजिनाच्या खाजगी तक्त्यांत उतरविला जातो. विडेनियस यांनीं पुढें दुसऱ्या कन्येच्या नांवानें मारियाडीबी ही निराळी शाखा काढली. त्या शाखेंत हाच उपाय १०.२ या आवृत्तींत २०१७ सालीं आला, पण रीत निराळी. यादीच्या मूळ पानाच्या माथ्यावर आठ बाइटांची एक जागा पूर्वीपासून रिकामी पडून होती. तेथेंच क्रमांक लिहावयाचा. जुन्या घरांत खोली न बांधतां कोनाड्यांत देव बसवावा, तसें हें आम्हांस वाटलें, व अधिक आवडलें.

२०१४ सालीं यांतलें कांहींच उपलब्ध नव्हतें. तेव्हां पुतण्यानें नोंद पुसण्याची सोयच काढून टाकली. ‘रद्द’ अशी खूण करावयाची, ओळ तशीच ठेवावयाची. आमच्या तांबड्या शाईचाच मार्ग.

पुढें आम्ही निवृत्त झालों, आणि २०१९ च्या दिवाळींत शाळेच्या विनंतीवरून त्यानें तें यंत्र मारियाडीबीच्या नव्या आवृत्तीवर नेलें. येथें निराळेंच संकट उभें राहिलें. ग्रंथालयाच्या यादींतील शब्द शोधण्यासाठीं एक स्वतंत्र इंजिन जोडलेलें होतें. असें इंजिन ज्या आवृत्तीसाठीं घडविलें असेल तिचा आंकडा त्याच्या अंगावर असतो. सर्व्हर तो पाहतो आणि जुळला नाहीं तर इंजिनास उंबऱ्याबाहेरूनच परत धाडतो. म्हणून तें नव्यानें घडविणें आलें. पुतण्यानें तें घडविलें, कोठें अडथळा आला नाहीं, आणि तरीही सर्व्हर त्यास आंत घेईना. नरकचतुर्दशीची पहाट त्या खटपटींतच उजाडली; घरांतून दोनदां अभ्यंगाची हांक आली.

कारण अखेर सांपडलें तें असें. इंजिन घडवितांना कंपायलरास सर्व्हरची अंतर्गत रचना सांगणाऱ्या फायली लागतात, त्यांस हेडर म्हणतात. यंत्रावर जुन्या आवृत्तीचीं हेडरें एका ठिकाणीं राहून गेलीं होतीं आणि नवीं दुसऱ्या ठिकाणीं होतीं. पाणिनीच्या व्याकरणांत दोन तुल्यबल नियमांची गांठ पडली तर नंतरचा नियम बलवान मानितात. कंपायलराचें शास्त्र नेमकें उलटें. शोधाच्या वाटेंत जी फाईल प्रथम भेटेल ती प्रमाण! जुनीं हेडरें अगोदर भेटलीं, आणि नव्या इंजिनावर जुनाच आंकडा उमटला. जुनीं काढून टाकतांच अर्ध्या तासांत काम झालें. आम्ही म्हणालों, “दोन रात्रीं फुकट गेल्या.” तो म्हणाला, “काका, हा भांडण चांगला. दारांतच अडला, कोणाचें नुकसान नाहीं. तो १९९ वाला गोड बोलून चुकीचें उत्तर देत होता.”

मग त्यानें नव्या सर्व्हरवर तोच जुना प्रयोग केला. तीन नोंदी घातल्या, तिसरी पुसली, डेटाबेस बंद करून सुरू केला. नव्या नोंदीस चार मिळाला.

त्या कारकुनाचें सांगावयाचें राहिलें. २०१४ च्या संक्रांतीनंतर आम्ही त्याच्या घरीं तिळगूळ घेऊन गेलों व झालेला प्रकार सांगितला. त्यानें सर्व ऐकून घेतलें, आणि मुलीच्या शिष्यवृत्तीचें काय झालें तेवढें विचारलें. ती त्या वर्षीं मिळालीच नाहीं. सेवापुस्तकांतील शेरा पुसतां येत नसतो. आम्हीं त्यावर तांबडी रेघ ओढली, ‘यंत्राच्या दोषामुळें, सबब रद्द’ असें लिहून खालीं सही केली. रेघेखालचीं अक्षरें स्वच्छ वाचतां येत होतीं.