जुन्या कीड-सल्ला संकेतस्थळाची गती : पुनर्लेखनाआधी निरीक्षण

कपाशीच्या शिवारातील कामगंध सापळे मोजून झाले, की कृषी सहायकाच्या नोंदवहीत एक आकडा उतरतो. सलग तीन रात्री प्रति सापळा आठ किंवा अधिक गुलाबी बोंडअळीचे पतंग आढळल्यास आर्थिक नुकसान पातळी ओलांडली, असे मानले जाते. त्यानंतर दोन गोष्टी तातडीने कळणे आवश्यक असते : शेजारच्या गावांतील सापळ्यांची स्थिती काय आहे, आणि या आठवड्याचा सल्ला काय आहे. दोन्ही माहिती संकेतस्थळावर उपलब्ध असते. परंतु मोबाइलच्या पडद्यावर पांढरे पान आणि फिरणारे चक्र यांपलीकडे काही दिसत नाही.

मिनिटभराच्या विलंबाने पीक हातचे जात नाही, हे खरे. मात्र बोंडअळीची अंडी तीन ते सहा दिवसांत उबतात आणि बाहेर पडलेली अळी अल्पावधीतच बोंडात शिरते. त्यानंतर फवारणीचे द्रावण तिच्यापर्यंत पोहोचत नाही. उपायाला मिळणारा काळ असा मोजका असतो. शिवाय पान उघडले नाही तर शेतकरी वाट पाहत बसत नाही. तो दुकानात जातो आणि विक्रेता देईल ते कीटकनाशक घेऊन येतो. संथ संकेतस्थळाची किंमत अशी मोजावी लागते.

अशी अनेक संकेतस्थळे पंधरा-वीस वर्षांपूर्वी पीएचपी या भाषेत लिहिलेल्या छोट्या-छोट्या स्क्रिप्टवर उभी राहिली. ती लिहिणारी मंडळी पांगली, नोंदींचा साठा वाढत गेला आणि पाने जड झाली. मग बैठकीत हमखास एक प्रस्ताव येतो : सर्व मोडून नव्याने बांधावे. हा प्रस्ताव वेळापत्रकाप्रमाणे केलेल्या फवारणीसारखा आहे. कीड कोठे आहे हे न पाहताच सरसकट उपाय योजला जातो, आणि जुन्या स्क्रिप्टमध्ये वर्षानुवर्षे दुरुस्त होत आलेले बारकावे (तालुक्यांची बदललेली नावे, पिकांचे संकेतांक, चुकीची नोंद अडवणारे नियम) नव्या बांधणीत हरवतात.

जुनी स्क्रिप्ट न टाकता गती वाढवता येते, याचे सर्वांत मोठे उदाहरण विकिपीडियाचे आहे. मराठी विकिपीडियासह सर्व भाषांतील विकिपीडिया ज्या मीडियाविकी प्रणालीवर चालतात, तिचे मूळ मॅग्नस मान्स्के यांनी लिहिलेल्या आणि २००२ मध्ये वापरात आलेल्या पीएचपी स्क्रिप्टमध्ये आहे. त्यानंतर तिच्यात असंख्य सुधारणा झाल्या, पण ती दुसऱ्या भाषेत नव्याने लिहिली गेली नाही. तिच्यापुढे तयार पानांच्या प्रती सांभाळणारे सर्व्हर बसवण्यात आले. नुसते वाचायला येणाऱ्याला बहुतांश वेळा तयार प्रत मिळते आणि मूळ स्क्रिप्टला हातही लावावा लागत नाही. २०१४ मध्ये स्क्रिप्ट त्याच ठेवून त्या चालवणारे इंजिन तेवढे बदलले, तेव्हा संपादन जतन होण्याचा सरासरी वेळ जवळपास निम्म्यावर आला. पुढे २०१९ मध्ये पीएचपीच्या सुधारित सातव्या आवृत्तीकडे स्थलांतर झाले. जिल्हा पातळीवरील संकेतस्थळाचा व्याप याच्या तुलनेत नगण्य असतो, पण उपायांची जातकुळी एकच आहे.

आधी सर्वेक्षण

विलंब दोन ठिकाणी होतो : सर्व्हर पान तयार करीत असताना, आणि तयार पान वाटेत असताना. दोन्हींचे उपाय वेगळे असल्याने निदान चुकल्यास श्रम वाया जातात. संगणकावरील ब्राउझरमध्ये एफ १२ ही कळ दाबून ‘नेटवर्क’ हा भाग उघडला, की पानाच्या प्रत्येक घटकाला लागलेला वेळ दिसतो. पहिली अक्षरे येण्यासच आठ-दहा सेकंद लागत असतील तर दोष सर्व्हरकडे आहे. पहिली अक्षरे लगेच आली, पण छायाचित्रे रेंगाळली, तर दोष पानाच्या वजनात आहे. हे निरीक्षण विस्तार कार्यकर्त्यालाही करता येते. ‘संकेतस्थळ चालत नाही’ या तक्रारीपेक्षा त्या पडद्याचे छायाचित्र तंत्रज्ञाला कितीतरी अधिक सांगून जाते.

सर्व्हरकडील विलंबाचे मूळ बहुधा माहितीसाठ्यात सापडते. समजा, ५०० गावांतून आठवड्याला दोनदा, हंगामाचे २० आठवडे नोंदी येतात. दहा वर्षांत दोन लाख ओळी होतात. निर्देशांक नसेल, तर एका तालुक्याची कालची नोंद शोधण्यासाठी मायएसक्यूएल सर्व दोन लाख ओळी चाळते. पीक, तालुका आणि दिनांक या रकान्यांवर निर्देशांक बांधण्यास एक आज्ञा पुरते. स्क्रिप्टमधील एकही ओळ बदलावी लागत नाही. मात्र स्क्रिप्टने दिनांकातून वर्ष वेगळे काढून तुलना केली असेल, तर दिनांकावरील निर्देशांक निरुपयोगी ठरतो. तेथे ‘अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंत’ अशी अट लिहावी.

दुसरा नेहमीचा दोष चक्रात दडलेला असतो. यवतमाळ जिल्ह्यात १६ तालुके आहेत. प्रत्येक तालुक्यासाठी स्वतंत्र प्रश्न विचारणारी स्क्रिप्ट एका पानासाठी १६ फेऱ्या मारते, आणि गावनिहाय तक्ता असेल तर शेकडो. हे काम एकाच प्रश्नात होते. दोषी प्रश्न कोणते, हे हुडकण्यासाठी मायएसक्यूएलमध्ये संथ प्रश्नांची नोंदवही ठेवण्याची सोय आहे. परंतु मूळ मांडणीत १० सेकंदांहून अधिक रेंगाळणारेच प्रश्न तिच्यात उतरतात. ही मर्यादा एक सेकंदावर आणल्याखेरीज खरा प्रादुर्भाव दिसत नाही.

तयार प्रत आणि शिळी प्रत

कृषी हवामान सल्ला मंगळवारी आणि शुक्रवारी प्रसिद्ध होतो. म्हणजे ते पान आठवड्यातून दोनदाच बदलते. तरीही जुनी स्क्रिप्ट प्रत्येक वाचकासाठी ते मुळापासून रचते. एकदा रचलेले पान साठवून पुढच्या वाचकाला तीच प्रत द्यावी, हा यातील सर्वांत परिणामकारक उपाय होय. पीएचपीमध्ये प्रत्येक स्क्रिप्टच्या आधी आणि नंतर एक ठरावीक फाइल आपोआप चालवण्याची सोय आहे. प्रत तपासण्याचे काम पहिल्या फाइलकडे आणि साठवण्याचे काम दुसरीकडे सोपवले, की मूळ स्क्रिप्ट जशाच्या तशा राहतात. ज्या पानांवर निरीक्षक नाव देऊन प्रवेश करतात आणि नोंदी भरतात, ती पाने मात्र यातून कटाक्षाने वगळावीत. अन्यथा एकाची माहिती दुसऱ्याच्या पडद्यावर उमटेल.

येथे खरी जोखीम सुरू होते. संथ पान त्रासदायक असते, पण शिळे पान घातक ठरते. साठवलेल्या प्रतीची मुदत सात दिवस ठेवली आणि दुसऱ्याच दिवशी सापळ्यांतील पतंग पातळीबाहेर गेले, तर संकेतस्थळ झपाट्याने उघडेल आणि ‘प्रादुर्भाव पातळीखाली’ असेच सांगत राहील. अंडी उबण्याचा सारा काळ त्यात निघून जाईल. विकिपीडियावर लेख संपादित होताच त्याची जुनी प्रत बाद केली जाते. तोच नियम येथे हवा. नवी नोंद किंवा नवा सल्ला जतन झाला, की संबंधित प्रत त्याच क्षणी पुसली जावी. केवळ मुदतीवर विसंबू नये. शिवाय प्रत्येक पानाच्या माथ्यावर सल्ल्याची तारीख व वेळ ठळक छापावी, म्हणजे चूक झालीच तर ती वाचकाच्या नजरेस पडेल.

पानाचे वजन

मोबाइलने काढलेले छायाचित्र सहज तीन मेगाबाइटचे असते. सेकंदाला ५०० किलोबिट एवढ्या क्षीण जोडणीवर ते उतरण्यास ४८ सेकंद लागतात. ३०० किलोबाइटपर्यंत आटवले तर पाच सेकंदांहून कमी. छायाचित्रे लहान करण्यास सर्वाधिक विरोध कीटकशास्त्रज्ञच करतात, आणि त्यांचे म्हणणे अगदीच निराधार नसते. अमेरिकन लष्करी अळीच्या डोक्यावरील उलटे इंग्रजी ‘वाय’ अक्षर व शेवटून दुसऱ्या वलयावरील चौकोनात मांडलेले चार ठिपके दिसले नाहीत, तर ओळख पटत नाही. सल्ल्याच्या पानावर लहान चित्र आणि त्यावर स्पर्श केल्यावर मोठे, ही तडजोड दोघांनाही मान्य होण्यास हरकत नसावी.

मराठी पानांची एक खास अडचण आहे. प्रचलित युनिकोड पद्धतीत इंग्रजी अक्षर एक बाइट व्यापते, तर देवनागरीचे प्रत्येक अक्षर, काना, मात्रा आणि वेलांटी तीन-तीन बाइट. मात्र त्यांत पुनरावृत्ती भरपूर असल्याने जीझिप पद्धतीने असा मजकूर उत्तम आटतो. सर्व्हरच्या मांडणीत ती सोय केवळ सुरू करावी लागते. जुन्या काळी मराठी मजकूर चित्राच्या रूपात चिकटवलेला असेल, तर तो युनिकोडमध्ये टंकून घ्यावा. त्यासाठी वेगळा फाँट पाठवण्याची गरज नाही, कारण आजच्या फोनमध्ये देवनागरी फाँट असतोच.

इंजिन बदलताना

पीएचपी प्रत्येक वेळी स्क्रिप्ट वाचते, यंत्राला उमगेल अशा रूपात आणते आणि मग चालवते. ते रूपांतर स्मृतीत जपणारा ओपकॅश हा घटक २०१३ पासून, म्हणजे ५.५ या आवृत्तीपासून, पीएचपीसोबतच मिळतो. अनेक ठिकाणी तो केवळ बंद असतो. सातवी आवृत्ती आधीच्यापेक्षा बरीच वेगवान आहे. पाचव्या मालिकेला सुरक्षा दुरुस्त्या मिळणे २०१८ अखेर थांबले, म्हणून गती पुरेशी असली तरी स्थलांतर टाळता येत नाही. आणि ते सातवीवर न थांबता, सुरक्षा दुरुस्त्या चालू असलेल्या आवृत्तीपर्यंत न्यावे. अडचण एवढीच, की माहितीसाठ्याशी बोलणाऱ्या जुन्या मायएसक्यूएल आज्ञा सातव्या आवृत्तीत काढून टाकल्या आहेत. त्यांची जागा घेणाऱ्या मायएसक्यूएलआय आज्ञा नावाने जवळच्या असल्या, तरी त्यांत जोडणीचा उल्लेख आधी करावा लागतो. केवळ नावे बदलून भागत नाही. जुन्या नावांनीच नव्या आज्ञा बोलावणारी एक मध्यस्थ फाइल लिहिल्यास शेकडो स्क्रिप्ट उघडाव्या लागत नाहीत.

ही कामे एप्रिल-मे महिन्यांत, संपूर्ण माहितीसाठ्याची प्रत काढून आणि एका वेळी एकच बदल करून व्हावीत. दोन उपाय एकत्र केले, तर गुण कोणाचा हे प्रक्षेत्र चाचणीप्रमाणेच येथेही कळत नाही. प्रत्येक बदलाआधी व नंतर तेच पान, त्याच गावातून, त्याच फोनवर उघडून सेकंद मोजावेत आणि सापळ्यांच्या नोंदवहीच्या शेवटच्या पानावर तारखेसह लिहून ठेवावेत.