पेरणीआधी पोहोचलेली गोणी

पश्चिम केनियातल्या बुंगोमा, बुसिया, काकामेगा या भागांत मक्याची मुख्य पेरणी मार्चच्या पावसावर होते आणि कणसे घरात यायला जुलै-ऑगस्ट उजाडतो. त्याच्या आधीच्या दोन-तीन महिन्यांत आदल्या वर्षीचा मका बहुतेक घरांत संपलेला असतो. उगाली, म्हणजे मक्याच्या पिठाचा घट्ट शिजवलेला गोळा, हे इथले रोजचे अन्न. मका संपला की एक वेळचे जेवण तुटते, शाळेची फी थकते, आणि कोंबडी-शेळी विकून चढ्या भावाने पीठ आणावे लागते. हे सारे शेतकऱ्याच्याच घरात घडते. जगातल्या अतिदरिद्री माणसांपैकी निम्म्याहून अधिक आज सहाराच्या दक्षिणेकडील आफ्रिकेत राहतात, आणि त्यांतल्या बहुसंख्य कुटुंबांचे पोट एखाद्या-दुसऱ्या एकरावर असते. अमेरिकेत व्यवस्थापन शिकत असताना अँड्र्यू यून यांनी बुंगोमात पाहिले, की एकाच पावसावर आणि एकाच मातीत दोन शेजाऱ्यांच्या उत्पन्नात कित्येक पटींचा फरक आहे. २००६ साली तिथेच सुमारे ४० कुटुंबांना घेऊन त्यांनी ‘वन एकर फंड’ ही संस्था सुरू केली. पुढे केनियाबरोबर रवांडा, बुरुंडी, टांझानिया, मलावी, झांबिया अशा देशांत मिळून ती दहा लाखांहून अधिक शेतकरी कुटुंबांपर्यंत पोहोचली. या विस्ताराचे श्रेय सहसा ‘शेतकऱ्यांना आधुनिक शेती शिकवली’ या एका वाक्यात दिले जाते. माझ्या मते ते श्रेय चुकीच्या जागी जाते. शिकवणारे आधीही बरेच होते. या संस्थेने ठरवले ते एवढेच, की शिकवलेले करून पाहण्यासाठी लागणारी गोणी पेरणीआधी, चालत जाता येईल इतक्या अंतरावर आणि उधारीवर मिळाली पाहिजे.

नुसत्या शिकवण्याचा प्रयोग केनियाने मोठ्या प्रमाणावर करून पाहिला आहे. जागतिक बँकेच्या मदतीने १९८० आणि १९९०च्या दशकांत तिथे ‘प्रशिक्षण आणि भेट’ ही कृषिविस्तार पद्धत राबवली गेली. हीच पद्धत भारतातही आली होती. आपल्या कृषी खात्यात त्या काळी काम केलेल्यांना तिचे ठरलेले दौरे आणि संपर्क शेतकरी आठवत असतील. केनियात कर्मचारी नेमले गेले, गाड्या आल्या, शिफारशींचे तक्ते छापले गेले. कार्यक्रम संपत आल्यावर बँकेने स्वतःच जे मूल्यमापन केले, त्यात या खर्चाचा उत्पादनावर ठळक परिणाम दाखवता आला नाही. याचा दोष शेतकऱ्याच्या अडाणीपणावर टाकणे सोपे आहे, पण पुरावा दुसरीकडे बोट दाखवतो. एस्थर डुफ्लो, मायकेल क्रेमर आणि जोनाथन रॉबिन्सन या अर्थशास्त्रज्ञांनी बुसियातल्या शेतकऱ्यांच्याच वावरांत खताची मात्रा बदलत चाचण्या घेतल्या. कृषी मंत्रालयाने सुचवलेला संकरित बियाणे आणि दोन खतांचा पूर्ण संच सरासरी शेतकऱ्याला फायद्याचा ठरत नव्हता. त्याउलट मका गुडघाभर झाल्यावर दर रोपामागे अर्धा चमचा वरखत दिले, तर त्या खर्चावर एका हंगामात सरासरी ३६ टक्के परतावा मिळत होता. म्हणजे जो शेतकरी सरकारी शिफारस पाळत नव्हता, त्याचा हिशेब बऱ्याच अंशी बरोबर होता. शिकवणाऱ्यांनी त्याच्या बांधावर बसून तो हिशेब केला नव्हता.

तरीही एक कोडे उरतेच. अर्ध्या चमच्यात इतका फायदा असेल, तर सगळेच तो का देत नाहीत? याच संशोधकांनी पुढे याचा माग काढला. कापणी झाल्यावर विचारले तर बहुतेक शेतकरी म्हणत, पुढच्या हंगामात खत घालणार. प्रत्यक्षात पेरणीपर्यंत पैसा उरत नसे. आजारपण, अंत्यविधी, फी, पाहुणे, छप्पर यांत तो गेलेला असे. मग त्यांनी कापणीनंतर लगेच, हातात पैसा असतानाच, खत आगाऊ घ्यायची सोय देऊ केली. सवलत म्हणाल तर ते घरपोच आणून देण्याचा खर्च तेवढा माफ. एवढ्याशा बदलाने खत वापरणाऱ्यांचे प्रमाण लक्षणीय वाढले. पेरणीच्या तोंडावर तीच सवलत दिली तेव्हा परिणाम कमी दिसला. हा निष्कर्ष मला फार मोलाचा वाटतो, कारण गरिबाला बचत कळत नाही या जुन्या समजाला तो छेद देतो. बचत कळते, पण गरीब घरात रोख रक्कम सहा महिने अस्पर्श राहू शकत नाही, कारण तिच्यावर हक्क सांगणारी निकड रोज नवी असते. खताची गोणी मात्र राहू शकते.

वन एकर फंडाचे काम याच गाठीभोवती बांधलेले आहे. हंगाम उरकला की गावोगाव गट जमतात आणि पुढच्या वर्षी कुणाला किती जमिनीपुरते बियाणे आणि खत हवे, याची नोंद होते. थोडी रक्कम आगाऊ भरायची, बाकीची पेरणीनंतर जमेल तशी. पावसाच्या आधी ट्रक ठरलेल्या दिवशी गावाजवळच्या जागेवर माल उतरवतात आणि लोक डोक्यावर, सायकलवर, गाढवावर तो घरी नेतात. संस्थेचा क्षेत्र कार्यकर्ता त्याच भागात राहणारा असतो आणि प्रशिक्षण वर्गात होत नाही, वावरात होते. बी फेकून पेरण्याऐवजी खुणा केलेली दोरी ताणायची, दोन ओळींत ७५ आणि दोन रोपांत २५ सेंटिमीटर अंतर ठेवून खड्डे घ्यायचे, प्रत्येक खड्ड्यात मोजून खत टाकायचे, त्यावर मातीचा थर देऊन मग एकच दाणा टोकायचा. पुढे निंदणी, वेळेवर वरखत आणि कापणीनंतर दाणे नीट वाळवून साठवणे. यात नवे शास्त्र काही नाही. आपल्याकडचा टोकण करणारा कुणीही शेतकरी हे ओळखेल. नवे आहे ते वेळापत्रक: ज्या आठवड्यात दोरी ताणायला शिकवले, त्याच आठवड्यात शिकणाऱ्याच्या घरात बियाणे आणि खत आहे. ऐकणे आणि करणे यांतले अंतर असे मिटले, की त्या शिक्षणाची परीक्षा कणसावर होते, आणि शेजारी कुंपणावरून ती पाहत असतात.

हे खरोखर चालते का, याचे उत्तर संस्थेच्या छापील अहवालांवर सोडणे मला मान्य नाही. कामसू शेतकरीच आधी नाव नोंदवत असतील, तर त्यांचे पीक चांगले दिसणारच. म्हणून पश्चिम केनियातल्या टेसो भागात २०१७ साली झालेली चाचणी महत्त्वाची आहे. तिथे सहभाग कुणाला मिळणार हे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे ठरले आणि दोन्ही बाजूंची तुलना झाली. सहभागी शेतकऱ्यांचे मक्याचे उत्पादन सुमारे २४ टक्क्यांनी वाढले आणि नफा सुमारे १६ टक्क्यांनी. संशोधकांपैकी काही जण संस्थेत काम केलेले होते, हे वाचकाने ध्यानात ठेवावे. पण निवड यादृच्छिक होती आणि आकडेही काही दिपवून टाकणारे नाहीत. ते पटतात ते त्यामुळेच. कुणी म्हणेल, १६ टक्क्यांनी दारिद्र्य कसे हटणार? एका हंगामात हटत नाही, हे खरे. मात्र ज्या घराचा मका मे महिन्यात संपतो, तिथे उत्पादनाचा जवळपास चौथा भाग जादा मिळणे म्हणजे भुकेचे आठवडे कमी होणे आणि चढ्या भावाने पीठ न घ्यावे लागणे. शेळी विकायची वेळ टळली तर ती पुढच्या वर्षीही दावणीला असते.

याहून तगडा आक्षेप रोख मदतीच्या बाजूने येतो. ट्रक, गोदाम, कार्यकर्ता यांचा एवढा पसारा कशाला? कुटुंबांना सरळ पैसेच द्यावेत. शेजारच्या सियाया भागात ‘गिव्हडायरेक्टली’ या संस्थेने साडेदहा हजार कुटुंबांना प्रत्येकी सुमारे १००० डॉलर बिनशर्त दिले. अभ्यासकांनी ६५३ गावांत त्याचा माग घेतला. पैसा उधळला गेला नाही. आलेल्या दर डॉलरमागे स्थानिक अर्थव्यवहार सुमारे अडीच डॉलरने वाढला आणि भाववाढ नगण्य राहिली. हा पुरावा पक्का आहे आणि जी मदत संस्था स्वतःला शेतकऱ्यापेक्षा शहाणी समजते, तिने तो रोज वाचावा. पण त्यातून वन एकर फंड अनावश्यक ठरत नाही. १००० डॉलर ही देणगी आहे, ती एकदाच मिळते आणि परत येत नाही. इथे शेतकरी मालाची किंमत व्याजासह फेडतो. संस्थेच्या पहिल्या दशकात परतफेड सातत्याने ९५ टक्क्यांच्या वर राहिली. त्यामुळे देणगीतला पैसा पुढच्या गावाकडे वळू शकतो. शिवाय पैसा हाती असला तरी जवळच्या बाजारात खात्रीचे बियाणे नसेल, किंवा दुकानदार ५० किलोच्या गोणीखाली खत देत नसेल, तर अर्ध्या एकराच्या मालकाने काय करायचे? रोख रक्कम घराची टंचाई दूर करते. पुरवठ्याची दूर करतेच असे नाही.

कर्ज म्हटले की महाराष्ट्रातल्या वाचकाच्या मनात वेगळीच भीती उभी राहते आणि ती रास्त आहे. पाऊस हुकला तर हप्ता कुठून आणणार? गटाची सामूहिक हमी असेल, तर एकाच्या थकबाकीचा दाब शेजाऱ्यावर येतो आणि जिथे आयुष्य काढायचे तिथेच नाती बिघडतात. संस्थेने हप्ते लवचीक ठेवले, मोबाइलवरून अगदी किरकोळ रक्कमही भरता येईल अशी सोय केली, पीकविम्याची जोड दिली. याने जोखीम घटते, संपत नाही. कर्जाचा आकार एका हंगामाच्या निविष्ठांपुरता राहतो, हीच त्यातली खरी सुरक्षितता आहे. उद्या दिवे, फोन, स्टोव्ह अशा वस्तूंनी उधारीच्या मालाची यादी फुगत गेली, तर ही भीती खरी ठरायला वेळ लागणार नाही. हंगामाच्या गोणीशी जे संबंधित नाही, त्याबाबत संस्थेने हात आखडता ठेवावा असे मला वाटते.

जमिनीचा प्रश्नही टाळता येत नाही. केनियात वर्षानुवर्षे डीएपी खत टाकल्याने बऱ्याच जमिनी आम्लधर्मी होत गेल्या आहेत. २०११ साली बोमेट भागात मक्यावर प्राणघातक विषाणूरोग दिसला आणि वावरेच्या वावरे वाळली. पुढे २०१७ पर्यंत लष्करी अळी पोहोचली. २०२२ साली युक्रेन युद्ध सुरू झाल्यावर खताचे भाव भडकले. एका पिकावर आणि पोत्यातल्या खतावर उभी केलेली शेती किती नाजूक असते, ते या चार घटनांत दिसते. यावरून रासायनिक खतच नको असा निष्कर्ष काढणाऱ्यांशी मी सहमत नाही. २००६ साली अबुजा इथे आफ्रिकी नेत्यांनी हेक्टरी ५० किलो खताचे उद्दिष्ट ठरवले, आणि बहुतेक देश अजून त्याच्या जवळही गेलेले नाहीत. अतिवापराचे आजार कमी वापराच्या जमिनीवर लादणे अन्यायाचे आहे. पण त्या खताबरोबर चुना, शेणखत, घेवड्याचे आंतरपीक आणि झाडे आलीच पाहिजेत. संस्था चुना आणि वेगवेगळ्या पिकांचे बियाणे देते. ग्रेव्हिलियाची, म्हणजे आपल्याकडच्या सिल्व्हर ओकची, रोपेही मोठ्या संख्येने लावली गेली आहेत. तरीही मका हा अजून तिचा कणा आहे, आणि तो तसा किती काळ राहावा यावर तिने अधिक कठोर विचार करायला हवा.

शेवटचा आक्षेप पैशाचा: हे इतके उपयोगी असेल, तर ते देणग्यांवर का चालावे, व्यापाऱ्याने का करू नये? याचे उत्तर संस्थेबरोबर बुंगोमा परिसरात झालेल्या आणखी एका अभ्यासात सापडते. शेतकरी कापणीला पडत्या भावात मका विकतात आणि काही महिन्यांनी तोच मका चढ्या भावात विकत घेतात. मार्शल बर्क, लॉरेन बर्गक्विस्ट आणि एडवर्ड मिगेल यांनी काही शेतकऱ्यांना कापणीच्या सुमारास कर्ज देऊ केले, म्हणजे त्यांना तेव्हाच मका विकावा लागू नये. त्या पैशावर सुमारे २९ टक्के परतावा मिळाला. जिथे एका परिसरात अनेकांनी कर्ज घेतले, तिथे हंगामी भावांमधली दरी बुजू लागली. त्याचा फायदा कर्ज न घेतलेल्या शेजाऱ्यांनाही झाला आणि कर्ज घेणाऱ्यांचा स्वतःचा नफा मात्र घटला. बँकेच्या वहीत हे कर्ज जितके पसरेल तितके कमी आकर्षक दिसेल. गावाच्या दृष्टीने ते तितकेच अधिक उपयोगी असेल. वहीत न दिसणारा हा लाभ ज्याला मोजता येतो, त्यानेच त्याचा खर्च उचलायला हवा, आणि असा पक्ष दीर्घकाळासाठी एकच आहे: सरकार. रवांडात ‘तुबुरा’ या नावाने काम करताना संस्थेने सरकारच्या अनुदानित बियाणे-खत वितरणाशी स्वतःला जोडून घेतले, ते मला योग्य दिशेचे वाटते. कारण विहिगासारख्या भागात लोकवस्तीची घनता चौरस किलोमीटरला हजाराच्या वर गेली आहे आणि वाटण्या होत एकराचे अर्धे एकर होत आहेत. अर्ध्या एकरावर मक्याचे पीक दुप्पट आले तरी सहा माणसांचे घर वर्षभर चालत नाही. तिथे गोणीपाठोपाठ भाजीपाला, कोंबड्या, फळझाडे आणि शेताबाहेरचा रोजगार यायला हवा. रस्ता, बाजार आणि शाळा यांच्याशी जोडलेली ही कामे ट्रक पाठवणाऱ्या कोणत्याही एका संस्थेच्या आवाक्यातली नाहीत.