साखरबाव आणि बेटावरचा खेळ



ऊसनोंदीसाठी गावोगाव फिरताना तरुण पोरांच्या तोंडी सध्या एक विषय हमखास निघतो. रानात नाहीतर बेटावर राहून दाखवायच्या टीव्हीवरील स्पर्धा! 'साहेब, आपल्याला सोडलं तर आपण टिकू का हो?' असं ती विचारतात. प्रश्न चांगला आहे, म्हणून चार ओळी लिहितो.

हा खेळ १९९७ साली स्वीडनमध्ये सुरू झाला. २००० साली अमेरिकेत 'सर्व्हायव्हर' या नावाने तो गाजला. मलेशियातल्या एका बेटावर १६ जणांना ३९ दिवसांच्या खेळासाठी उतरवले आणि जिंकणाऱ्याला दहा लाख डॉलर दिले. आपल्याकडे स्टार प्लसने २०१२ साली तो हिंदीत आणला. चित्रण झाले फिलिपिन्समध्ये.

खेळाचा मुख्य नियम असा, की ठरावीक दिवसांनी सर्वांनी मते द्यायची आणि आपल्यातल्याच एकाला घरी धाडायचे. म्हणजे माणूस भुकेने किंवा पावसाने बाद होण्याआधी सोबत्यांच्या मताने बाद होतो. खेळ म्हणून ठीक आहे. पण खऱ्या बेटावर माणूस असा टिकत नाही.

आधी पाणी

आपल्या घाटाखालच्या वैभववाडी-कणकवलीकडच्या सभासदांना मालवण नवे नाही. तिथे कुरटे बेटावर शिवाजी महाराजांनी १६६४ साली सिंधुदुर्ग बांधायला घेतला. चहूबाजूंनी खारा समुद्र, आणि किल्ल्यात मात्र गोड्या पाण्याच्या तीन विहिरी : दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव. साखरेचे नाव विहिरीला! गोडे पाणी नसते तर एवढ्या तटबंदीचा उपयोग काय होता? आधी पाणी, मग बाकीचे. हे ऊसवाल्याला वेगळे सांगायला नको.

मग माणसे

दुसरा धडा त्याच किनाऱ्यावरच्या रापणीचा. होडीतून समुद्रात अर्धगोल जाळे टाकतात आणि दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावरून माणसे ओढतात. एका बाजूचे हात कमी पडले तर जाळे वाकडे येते आणि मासळी निसटते. मासळीचे पुढे वाटे पडतात. ओढायला हात लावणाऱ्यालाही कालवणापुरती मिळते. इथे मत देऊन एकाला घालवला तर दोर ओढणार कोण? आपल्या सहकाराचेही गणित याहून वेगळे नाही.

पोरांना एवढे सांगा

टीव्हीवाल्यांच्या मागे डॉक्टर असतो, होडी असते, कॅमेरेवाले असतात. आपली पोरे हौसेने किनाऱ्यावर मुक्कामाला जातात तेव्हा मागे कोणी नसते. तेव्हा भरती-ओहोटीची वेळ गावच्या मच्छीमाराला विचारल्याशिवाय पाण्यात उतरू नये. तो 'नको' म्हणाला तर नकोच. पावसाळ्यात समुद्राची मस्ती तर करूच नये. त्या दिवसांत दर्यावर वाढलेली माणसेसुद्धा होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवतात आणि नारळी पौर्णिमेला नारळ वाहून मगच दर्याला लागतात.

आणि टिकून राहणे पाहायचेच असेल तर रात्रीची वीज आली की बॅटरी-काठी घेऊन उसात दारं धरायला जाणाऱ्या बापासोबत पोराने एक रात्र जावे. साप, बिबट्या, थंडी सगळे तिथे आहे. कॅमेरा तेवढा नाही. पण सोबतीला कोणी असले की बापाला किती बरे वाटते, ते पोराला त्या रात्री कळेल.

— ऊस विकास अधिकारी