गॅलरीतला लाल साल्विया

साल्विया आपल्या तुळशीच्याच कुळातला. देठ बोटांत धरा, चौकोनी लागेल. काळाचौकीत आम्ही बचत गटाच्या बायका गॅलरीत लाल फुलांचा झुडपी साल्विया लावतो.

त्याला चार-पाच तास ऊन हवं. माती, शेणखत आणि वाळू सारखी घ्या; कुंडीच्या भोकावर खापरी ठेवा. वरची माती सुकली की मगच पाणी घाला. वाळलेले तुरे खुडले की नवे येतात.

मुंबईत हे झाड उन्हापेक्षा पावसाने जातं, मुळं कुजतात. म्हणून मे महिन्यातच बोटभर फांद्या सावलीत खोचून रोपं करा, पावसाळ्यात कुंड्या आत घ्या. जुनं झाड गेलं तरी नव्यासाठी नर्सरीत पैसे घालायला नकोत. उरलेली रोपं शेजारणीला द्या!