मोबाइल यंत्रांवरील फ्लॅश प्लगिन : एका प्रयत्नाची कारणमीमांसा

मोबाइल यंत्रांवर फ्लॅश का टिकले नाही, ह्या प्रश्नाचे सामान्यतः दिले जाणारे उत्तर एका व्यक्तीच्या नावाने सुरू होते व तेथेच संपते. अ‍ॅपल कंपनीचे प्रमुख स्टीव्ह जॉब्झ ह्यांनी २९ एप्रिल २०१० रोजी एक प्रकट पत्र प्रसिद्ध करून आपल्या यंत्रांवर फ्लॅशला थारा का नाही हे सांगितले, आणि सुमारे अठरा महिन्यांनी अ‍ॅडोबी कंपनीने मोबाइल ब्राउझरसाठी चाललेले फ्लॅशचे काम थांबविले, असे ते उत्तर आहे. घटनांचा क्रम बरोबर आहे; कारणमीमांसा मात्र अपुरी आहे. ज्या अँड्रॉइड यंत्रांवर फ्लॅशला मुक्तद्वार होते, तेथेही ते रुजले नाही, ह्या गोष्टीचा उलगडा त्या उत्तराने होत नाही. त्यासाठी प्लगिन ह्या वस्तूची घडणच पाहिली पाहिजे.

आरंभीच्या ब्राउझरांस मजकूर आणि स्थिर चित्रे ह्यांपलीकडे फारसे काही दाखविता येत नसे. नेटस्केप नॅव्हिगेटरच्या दुसऱ्या आवृत्तीने, १९९५-९६ च्या सुमारास, बाहेरच्या आज्ञावलीस ब्राउझरमध्ये शिरण्यासाठी एक ठरावीक दार ठेवले. ब्राउझर पानावरील एक चौकोन प्लगिनच्या स्वाधीन करी. त्या चौकोनात काय चितारावयाचे, ध्वनी कसा उमटवावयाचा, माउसच्या हालचालीस कोणते उत्तर द्यावयाचे, हे सारे प्लगिन आपल्या आपण ठरवी. घरातील एखादी खोली पोटभाडेकरूस द्यावी आणि त्याने आपली चूल, आपले पाणी, आपला दिवा स्वतंत्र आणावा, तसाच हा प्रकार होता. घरमालकास आत काय चालले आहे ते दिसत नसे. शिवाय प्लगिन हे विशिष्ट प्रोसेसरच्या यंत्रभाषेत उतरविलेले असे. मेजावरील संगणकांत ही अडचण जाणवली नाही, कारण विंडोज प्रणाली आणि इंटेल पद्धतीचा प्रोसेसर ही एक जोडी हाताळली की बहुतेक जगाचे काम भागत असे.

ह्याच दारातून १९९६ साली फ्लॅश आले. त्याचे मूळ नाव फ्यूचरस्प्लॅश अ‍ॅनिमेटर. जोनाथन गे हे त्याचे एक प्रमुख कर्ते. फ्यूचरवेव्ह ही त्यांची संस्था १९९३ मध्ये निघाली, ती हातात धरून लेखणीने चालविण्याच्या संगणकांसाठी चित्रकलेची आज्ञावली तयार करण्याकरिता. ते संगणक बाजारात चालले नाहीत, म्हणून ती आज्ञावली मेजावरील संगणकांकडे व तेथून महाजालाकडे वळली. जे तंत्र पुढे हातातल्याच यंत्रांवर अपयशी ठरले, त्याचा जन्म हातातल्या यंत्रांसाठी व्हावा, हा योगायोग मोठा विलक्षण म्हटला पाहिजे. फ्यूचरवेव्ह लवकरच मॅक्रोमीडियाकडे आणि मॅक्रोमीडिया २००५ मध्ये अ‍ॅडोबीकडे गेली. चित्रे बिंदूंऐवजी रेषांच्या गणिताने साठविल्यामुळे फ्लॅशच्या फायली लहान असत. मंदगती दूरध्वनी-जोडणीच्या काळात हा गुण निर्णायक ठरला. पुढे यूट्यूबसारख्या स्थळांनी चलच्चित्रेही फ्लॅशमधूनच दाखविली.

मोबाइलवरील पहिला प्रयत्न जपानमधला. २००३ साली एनटीटी डोकोमोच्या ५०५आय मालिकेतील दूरध्वनींत ‘फ्लॅश लाइट’ ही आटोपशीर आवृत्ती बसविण्यात आली. सूचीपाने, पडद्यावरील शोभेची चित्रे, लहान खेळ ह्यांसाठी ती चांगली चालली. परंतु तिच्यासाठी सामग्री मुद्दाम वेगळी करावी लागे. मेजावरील संगणकासाठी रचलेले फ्लॅश तीत सहसा उघडत नसे. नाव एक आणि वस्तू दोन, अशी ती अवस्था होती. जून २००७ मध्ये आयफोन आला तो संपूर्ण महाजाल खिशात आणल्याच्या घोषणेसह, पण फ्लॅशवाचून. त्यावर यूट्यूबसाठी स्वतंत्र आज्ञावली देण्यात आली आणि त्या स्थळाने आपली चलच्चित्रे एच.२६४ ह्या पद्धतीत नव्याने उतरविण्यास आरंभ केला. फ्लॅशला वळसा घालता येतो, हे तेव्हाच दिसून आले होते.

अ‍ॅडोबीच्या अभियंत्यांनी हे आव्हान हलके घेतले नाही. जून २०१० मध्ये अँड्रॉइड २.२ साठी निघालेली फ्लॅश प्लेअर १०.१ ही आवृत्ती त्यांच्या परिश्रमाची साक्ष आहे. स्मृतीचा वापर कमी करण्यात आला. पडद्याबाहेर गेलेल्या चौकोनाची गती मंद करण्यात आली. दूरध्वनी आला असता खेळ आपोआप थांबू लागला. तथापि तिला एआरएम प्रोसेसरची सातवी पिढी आवश्यक होती, आणि त्या अटीतच अनेक स्वस्त दूरध्वनी बाद झाले. जेथे ती बसली, तेथेही पानावरील चौकोन मागितल्यावरच सुरू व्हावेत अशी सोय ब्राउझरला ठेवावी लागली.

खरा पेच चलच्चित्रांचा होता. चलच्चित्र उलगडण्याचे काम मुख्य प्रोसेसरने आज्ञावलीच्या बळावर केले, तर विद्युत्‌घट लवकर संपतो. त्यासाठीच घडविलेल्या चिपभागाने केले, तर पुष्कळ कमी शक्ती लागते. जॉब्झ ह्यांनी आपल्या पत्रात आयफोनपुरते हे प्रमाण दहा तासांस पाच तास असे सांगितले होते. फ्लॅशची जुनी चलच्चित्रे ज्या पद्धतींत साठविलेली होती, त्या ह्या चिपभागांस सामान्यतः अवगत नव्हत्या. एच.२६४ ची सोय फ्लॅशमध्ये २००७ पासून होती, हे अ‍ॅडोबीचे म्हणणे खोटे नव्हते. पण त्या चिपभागापर्यंत पोहोचण्याची वाट प्रत्येक दूरध्वनीत निराळी, आणि तिची किल्ली चिप करणाऱ्याकडे, यंत्र जुळविणाऱ्याकडे व प्रणाली पुरविणाऱ्याकडे विभागलेली! काम थांबविल्यानंतर फ्लॅशच्या उत्पादन-विभागातील माइक चेंबर्स ह्यांनी जी कारणे दिली, त्यांत हे कारण होते. मोबाइलसाठी प्लगिन घडविताना अनेक कंपन्यांशी हातमिळवणी करावी लागते आणि त्यास अपेक्षेहून फार अधिक मनुष्यबळ लागले, असे त्यांचे म्हणणे होते. आयफोनवर फ्लॅश येण्याची आशा नव्हती, हेही त्यांनी मोकळेपणाने मान्य केले. अर्थात जॉब्झ ह्यांच्या नकाराचे महत्त्व नाकारण्याचे कारण नाही. त्या नकाराने ह्या खर्चाचे फळ आधीच अर्धे करून ठेवले होते, इतकेच.

स्पर्शाचा प्रश्न ह्याहून सूक्ष्म आहे. माउसचा बाण एखाद्या आकृतीवर नुसता आला की सूची उलगडावी, अशा युक्तीवर फ्लॅशची कितीतरी पाने आधारलेली होती. बोटाला असे ‘नुसते वर येणे’ ठाऊक नसते. हा आक्षेप घेताना जॉब्झ ह्यांनी एक गोष्ट सोयीस्करपणे वगळली : साध्या एचटीएमएल पानांतही अशा सूची विपुल होत्या. मात्र त्या पानांची रचना ब्राउझरला दिसते, म्हणून पहिल्या स्पर्शास सूची उघडावी, दुसऱ्यास दुवा, अशी तडजोड त्यास करता येते. प्लगिनचा चौकोन त्यास बंद पेटीसारखा. त्यावरून बोट फिरविले असता पान सरकवावे की आतील खेळातील चेंडू, हे ठरविण्यास ब्राउझरजवळ साधनच नव्हते. येथे घोडे अडले ते कोणाच्या दुराग्रहाने नव्हे.

९ नोव्हेंबर २०११ रोजी अ‍ॅडोबीने आपला निर्णय जाहीर केला. १५ ऑगस्ट २०१२ पासून अँड्रॉइडच्या भांडारातून नव्याने फ्लॅश घेणे बंद झाले. मेजावरील संगणकांवर ते ३१ डिसेंबर २०२० पर्यंत तग धरून राहिले आणि १२ जानेवारी २०२१ पासून त्यात सामग्री चालणेच थांबविण्यात आले. चलच्चित्र, ध्वनी व रेखांकन ही कामे दरम्यान ब्राउझरने स्वतःच्या पोटात घेतली होती.

फ्लॅशमध्ये रचना करणाऱ्या कारागिरांची मात्र मधल्या काळात फार ओढाताण झाली. त्यांचे काम आयफोनच्या आज्ञावलीत रूपांतरित करण्याचे साधन अ‍ॅडोबीने तयार केले, तोच ८ एप्रिल २०१० रोजी अ‍ॅपलने नियम बदलून ती वाट बुजविली; ९ सप्टेंबरला ती पुन्हा मोकळी केली. ज्यांना शक्य होते त्यांनी आपले खेळ त्या वाटेने नेले. हौशी चित्रकार, शिक्षक, विद्यार्थी ह्यांनी केलेली असंख्य कामे होती तेथेच राहिली.

त्यांतील काहींस ‘रफल’ ह्या आज्ञावलीने पुन्हा वाचा दिली आहे. ती रस्ट भाषेत लिहिलेली असून वेबअसेम्ब्लीच्या रूपाने ब्राउझरच्या आतच चालते. तिला पूर्वीच्या प्लगिनचे स्वतंत्र दार लागत नाही. इंटरनेट आर्काइव्हने नोव्हेंबर २०२० मध्ये आपला फ्लॅश-संग्रह तिच्या साहाय्याने खुला केला. अ‍ॅक्शनस्क्रिप्टच्या पहिल्या दोन आवृत्त्यांतील कामे तीत आधी चांगली चालू लागली. तिसरीचे काम पुष्कळ अधिक किचकट ठरले. ब्राउझरच्या आत चालत असल्यामुळे ती आयफोनवरही चालते, आणि ज्या पडद्यावर फ्लॅशला कधी प्रवेश मिळाला नाही, तेथे त्याचे जुने खेळ उघडतात. पण बाण-कळांवर चालणाऱ्या खेळासाठी त्या कळा पडद्यावर आपोआप येत नाहीत; पान रचणाऱ्याने त्या निराळ्या चितारून ठेवल्या नसतील, तर खेळातील नायक संगीताच्या तालावर जागच्या जागी उभा राहतो.