खणातला कॅमेरा

मध्यमवर्गीय घरात टेबलाचा सर्वांत खालचा खण ही एक स्वतंत्र संस्था असते. बंद पडलेली घड्याळे, कुलपांशी नाते तुटलेल्या किल्ल्या, मुदत संपलेली हमीपत्रे अशी सारी मंडळी तेथे गुण्यागोविंदाने नांदत असतात. आमच्या घरच्या या खणात गेली बारा-तेरा वर्षे एक छोटा डिजिटल कॅमेराही मुक्कामाला होता. यंदा अकरावीत गेलेल्या आमच्या कन्येने गेल्या महिन्यात तो उकरून काढला आणि "बाबा, हा चालतो का?" म्हणून माझ्यापुढे धरला. हातात याच्या दसपट कामाचा मोबाईल असताना हिला ही बुद्धी का व्हावी, ते मला कळेना. चौकशीअंती समजले, की मुलामुलींत सध्या असले जुने कॅमेरे मिरवण्याची टूम आहे. फ्लॅशमुळे पांढरेफटक पडलेले चेहरे आणि रवाळ दिसणारे फोटो त्यांना भारी आवडतात. ज्या दोषांपायी आम्ही त्या बिचाऱ्याला शिव्या दिल्या, ते आता गुण ठरले आहेत!

हा कॅमेरा मी २००६ च्या दिवाळीत घेतला. नोकरीला लागून तेव्हा जेमतेम तीन वर्षे झाली होती आणि आठ-नऊ हजार रुपये म्हणजे पगाराचा चांगलाच लचका होता. कॅमेरा सहा मेगापिक्सेलचा. महिन्याभरात मेहुण्यांनी आठ मेगापिक्सेलचा घेतला, आणि पुढची दोन वर्षे आमच्या भेटीत दुसरा विषय म्हणून निघाला नाही. अखेर आमच्या महाविद्यालयातील पदार्थविज्ञानाच्या प्राध्यापकांनी माझी समजूत घातली. "अहो, तुमचा काय नि त्यांचा काय, आतली प्रकाश टिपणारी चकती जेमतेम सहा मिलिमीटर रुंद. तेवढ्याच पाटावर सहाच्या जागी आठ जण बसवले, तर प्रत्येकाच्या वाट्याला जागा कमीच येणार." पुढे एका सायंकाळच्या फोटोत मेहुण्यांच्या गालांवर रांगोळीचे ठिपके उमटलेले पाहून मला जो आनंद झाला, तो येथे न नोंदवलेलाच बरा.

त्या कॅमेऱ्याची खरी खोड निराळीच होती. बटण दाबले की तो आधी विचारात पडे. भिंग पुढे-मागे सरकवून चित्र कोठे सर्वांत रेखीव दिसते ते तो चाचपून पाही, आणि उजेड कमी असला की ही चाचपणी लांबे. बटण आधी अर्धे दाबून ठेवावे आणि वेळ येताच पुरते दाबावे, ही युक्ती मला फार उशिरा कळली. तोवर आतेभावाचे लग्न होऊन गेले होते. नवरीने हार घातला तो क्षण म्हणून माझ्याजवळ भटजींच्या कोपराचा एक सुरेख फोटो आहे. भुकेचे तर विचारूच नका! साधे पेन्सिल सेल घातले की दहा-पंधरा फोटोंत त्यांचा फडशा. शिवाय फ्लॅश भिंगाला अगदी खेटून असल्यामुळे त्याचा उजेड डोळ्याच्या आतल्या रक्तवाहिन्यांवरून सरळ परत येई, आणि सत्यनारायणाच्या पूजेला बसलेले आप्तजन लाल डोळ्यांचे राक्षस दिसत.

आणि तरीही आमचा तो अत्यंत लाडका होता. अमेरिकेत कोडॅक कंपनीच्या स्टीव्हन सॅसन या अभियंत्याने १९७५ साली पहिला डिजिटल कॅमेरा जुळवला, तेव्हा त्याचे वजन साडेतीन किलोंच्या वर होते आणि एक काळेपांढरे चित्र कॅसेटच्या फितीवर उतरायला २३ सेकंद लागत. त्याचाच हा वंशज सदऱ्याच्या खिशात मावत होता, आणि रोल धुण्याचा खर्च वाचत होता, तो वेगळाच. २०१० साली जपानी उत्पादकांच्या संघटनेच्या नोंदीत १२ कोटींवर डिजिटल कॅमेरे बाजारात गेले. २०२३ साली हाच आकडा ८० लाखांच्याही आत आला. मधल्या काळात काय झाले, ते आपणा सर्वांच्या खिशातच आहे. आमच्या इमारतीत तर घरोघरी हीच कथा. शेजारच्या काकांचा कॅमेरा तेवढा वृद्धापकाळापूर्वीच गेला. गुहागरच्या किनाऱ्यावर वाळूचा एक कण भिंगाच्या नळीत शिरला आणि कॅमेरा आ वासून राहिला तो कायमचाच. दुरुस्तीचा खर्च नव्याच्या जवळपास, म्हणून तोही त्यांच्या खणात गेला.

तर कन्येने दोन नवे सेल घातले. भिंग घरघरत बाहेर आले. यंत्राने प्रथम आजची तारीख विचारली, कारण मधली वर्षे त्याच्या स्मरणातून पुसली गेली होती. पण आतले कार्ड शाबूत होते, आणि त्यावर २०१० च्या दिवाळीचे फोटो होते.

त्यानंतरच्या फेब्रुवारीत आई गेली.

त्यातले चांगले फोटो मी तेव्हाच निवडून संगणकावर उतरवले होते. राहिलेले तसेच कार्डावर पडून होते. त्यांत आई स्वयंपाकघराच्या दाराशी पाटावर बसली आहे, असा एक फोटो होता. पहिल्याच्या जोडीचा, म्हणून मी तो वगळला असणार. कन्या म्हणाली, "बाबा, हा फोटो नाहीये. कोपऱ्यात खूण बघा." कॅमेऱ्याच्या डोक्यावरचे चाक खिशात घासून फिरत असे. तसेच ते चित्रफितीवर सरकलेले होते आणि माझ्या ध्यानात आले नव्हते.

तिने कळ दाबली. आई हललीच नाही. माझ्या वडिलांचा आगफा क्लिक थ्री होता. त्यात एका रोलवर फोटो बारा. त्या शिस्तीत वाढलेली ती, फोटो म्हटला की श्वास रोखून बसायची. पंख्याने तिचा पदर तेवढा हलत होता. मग ओठ न हलवता, "काढलास का रे?"

"थांब, हलू नकोस," हा माझा आवाज.

पुन्हा ती स्तब्ध. आणि मग एकदम, "अरे, किती वेळ श्वास धरू? तिकडे चकली करपतेय. अगं, गॅस बारीक कर गं!" पुढे नुसती जमीन, माझी पावले आणि तेलाचा आवाज. सारी मिळून ३८ सेकंद.

आमच्याकडे आईचे फोटो शेकड्याने आहेत. आवाज एकही नव्हता. तो आवाज माझ्या कानांतून कधी निघून गेला, हेही मला कळले नव्हते. कन्या तेव्हा दीड वर्षाची होती. तिने विचारले, "आजी अशी बोलायची?" आमची सौ. हातात झारा घेऊन स्वयंपाकघरातून बाहेर आली होती. तिने काहीच विचारले नाही. नुसती उभी राहिली.

ते कार्ड मी काढून घेतले आणि चित्रफीत तीन ठिकाणी उतरवून ठेवली. पण कन्येला तर कॅमेरा सहलीला न्यायचा! आता आली पंचाईत. हा जुना कॅमेरा दोन जीबीहून मोठे कार्ड ओळखतच नाही. चार दुकाने पालथी घातली. शेवटच्या दुकानदाराने तर, "साहेब, एवढं लहान कार्ड आता कोण ठेवतं?" म्हणून माझीच कीव केली. शेवटी शेजारच्या काकांची आठवण झाली. त्यांनी खणातून तो आ वासलेला कॅमेरा काढला, तळाचे झाकण नखाने उघडले आणि कार्ड माझ्या हातावर ठेवले. मी ते खिशात घालणार, तोच त्यांनी माझा हात धरला.

"थांबा," ते म्हणाले. "आधी त्यावर काय आहे, ते बघू."