वजनाची वही

गर्भिणीनें कोणत्या महिन्यांत काय सेवन करावें, याचा विचार चरकाच्या शारीरस्थानांत केलेला आहे. परंतु मातेनें घेतलेलें अन्न तिच्या अपत्याच्या अंगीं विसाव्या वर्षीं कोणत्या रूपानें प्रकट होतें, हें जाणावयाचें तर ग्रंथ पुरत नाहीं. वीस वर्षें थांबावें लागतें, आणि थांबण्यास द्रव्य लागतें.

असे थांबणारे लोक आपल्याच प्रांतांत निघाले. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयाच्या संशोधन केंद्रांत डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांचे सहकारी यांनीं १९९३ सालीं पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील स्त्रियांची नोंद गर्भधारणेच्या आधींपासूनच ठेवण्यास आरंभ केला. त्यांचीं मुलें जन्मतः सुमारें २.७ किलो भरलीं. इंग्लंडांतील साउदॅम्प्टनचीं मुलें ३.५ किलोंच्या आसपास. नवल असें कीं, आमचीं मुलें कृश असूनही त्यांच्या अंगचा मेद त्या मानानें फारसा घटलेला नव्हता. तूट पडली होती ती स्नायूंची! पुढें सहाव्या वर्षीं तपासतां असें आढळलें कीं, ज्या मातांच्या रक्तांत फोलेट अधिक व बी-१२ जीवनसत्त्व कमी, त्यांच्या मुलांचीं शरीरें इन्सुलिनला कमी दाद देतात. मधुमेहाची वाट ती हीच. मांसाहार वर्ज्य आणि दूध चहापुरतें, अशा आपल्या घरांनीं याची विशेष दखल घ्यावी. २०१२ सालीं, वयांत आलेल्या त्याच मुलामुलींना बी-१२ देऊन त्यांच्या पुढल्या पिढीवर काय परिणाम होतो, हें पाहण्याचा प्रयोग सुरू झाला.

मूळ कामास द्रव्य पुरविलें तें लंडनच्या वेलकम ट्रस्टनें. आम्हीं काय दिलें? अन्नदान, विद्यादान यांना आमचा हात सढळ आहे. पण ज्याचें फळ दात्याच्या हयातींत दिसेलच असें नाहीं, अशा निव्वळ मोजमापास पैसा देणें आम्हांस अद्यापि दान वाटत नाहीं.

मीं स्वतः एका शाळेंत असतांना बारा वर्षें मुलांची उंची व वजन एका वहींत लिहीत असें. सेवानिवृत्तीनंतर आष्टीस आलों आणि दोन वर्षांनीं ती वही पाहावयास गेलों, तों कपाट रिकामें करतांना ती रद्दींत गेल्याचें कळलें. तीं मुलें आज चाळिशींत आहेत. कांहींजण साखरेच्या गोळ्या घेतात, हें मला तेच सांगतात.